सातेरीचा उजवा कौल

लॅटिनच्या क्रियापदांची रूपं डोळे मिटून, डुलत डुलत, मोठ्याने घोकली तरच माझ्या डोक्यात राहतात. मे महिन्याच्या सुट्टीत त्या सकाळी मी सातेरीच्या देवळामागे, तळीच्या पायरीवर अशीच बसले होते आणि... सपकन तोंडावर गार पाणी बसलं.

डोळे उघडले तर समोर एक उंच, उघडाबंब तरुण. हातात तीर्थाचा तांब्या, आणि चेहरा माझ्यापेक्षाही घाबरलेला.

"कोण तू? खंयसून इलंस?" त्याने दरडावून विचारलं. मला नव्हे, माझ्या अंगातल्या भुताला.

"मी भिकाजीचा चेडू, सुभद्रा," मी पदराने तोंड पुसत म्हटलं. "आणि ह्या भूत न्हय, लॅटिन आसा."

"ता खंयचा भूत?"

हसावं की रागवावं तेच मला कळेना. हा गुरवांचा गुरुदास. इतकी वर्षं बांद्याला मामाकडे होता. वडिलांनी अंथरूण धरलं म्हणून देवीच्या पूजेला परत आलेला. मी त्याला सांगितलं की मुंबईच्या कॉलेजात बी. ए.ला मी हा विषय घेतलाय, ही दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन लोकांची भाषा, आता ती घरीदारी कोणीच बोलत नाही. मग शिकतेस कशाला, असं त्यानेही विचारलं. पण बाकीचे विचारतात आणि निघून जातात. हा उत्तरासाठी थांबला. मेलेल्या माणसांचं बोलणं ऐकू येतं म्हणून, मी म्हटलं. मग आपण पाणी मारलं ते काही अगदीच चुकलं नाही, असं तो गंभीरपणे म्हणाला आणि फुलं काढायला गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्याला फुलं काढायला फार वेळ लागू लागला. मी घोकायचे, तो पुस्तक हातात धरून मी चुकतेय का ते बघायचा... पुस्तक उलटं धरून! मी हसले की कान लाल व्हायचे त्याचे. एकदा मी सांगितलं की रोमन लोक लढाईला जाण्याआधी पाळलेल्या कोंबड्यांपुढे दाणे टाकत. कोंबड्यांनी खाल्ले तर शकुन चांगला. त्याने पुस्तक मिटलं.

"त्या कोंबड्यांक राखी कोण?"

"आसतलो कोणी राखणदार."

"मग तो तेंका आदल्या दिसापासून उपाशी ठेवीत आसतलो," गुरुदास म्हणाला, आणि माझ्याकडे बघून असा हसला की मी पुढचं सगळं विसरले.

मला तो आवडत होता. झालं, लिहून टाकलं. गुरवाचा मुलगा आणि दुसऱ्या जातीतल्या भिकाजीची मुलगी, एवढं एका दमात म्हटलं तरी गावाने कानात बोटं घातली असती, हेही मला पक्कं ठाऊक होतं.

पण गावाने बोटं घातली ती भलत्याच कारणाने. शेजारच्या आनंदीबाई मालवणच्या बाजारातून बातमी घेऊन आल्या: सुभद्रा शिकते ती पाद्र्यांची भाषा, ते प्रार्थना म्हणतात ती, पोर आता बाटणार. बाबांनी हाय खाल्ली. मी रोमचा सगळा इतिहास सांगितला, रडले, भांडले. ते एवढंच म्हणाले की देवीला विचारू. उजवा कौल झाला तर कॉलेजात जा, डावा झाला तर पुस्तकं माळ्यावर. माझं शेवटचं वर्ष राहिलं होतं.

सोमवारी अर्धा गाव देवळात जमला. गुरुदासने ओल्या पाकळ्या देवीच्या अंगावर लावल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि गाऱ्हाणं घातलं. जी पाकळी आधी गळेल तो देवीचा कौल. आणि उजवी पाकळी सुटली, अलगद खाली आली. बाबांनी ती डोळ्यांना लावली आणि सगळ्यांदेखत मला जवळ घेतलं.

मी आनंदाने गुरुदासकडे पाहिलं. त्याने मान फिरवली.

त्यानंतर तीन दिवस तो तळीवर फिरकला नाही. उद्या माझी एस. टी. होती. मी फणफणत भर दुपारी देवळात गेले. तो एकटाच खांबाला टेकून बसला होता, चेहरा ओढलेला. माझं काय चुकलं, मी विचारलं.

"कौल देवीन दिल्यान नाय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मियां दिलंय. डावी पाकळी दाबून लायलंय, ती पडूचीच नाय अशी."

ज्याच्या बापजाद्यांनी पिढ्यान्पिढ्या या गाभाऱ्यात दिवा लावला, त्याने देवीचं तोंड बंद केलं होतं. आणि तेही माझ्यासाठी. मी कसंबसं म्हटलं, "कशाक?"

"तू हयसरच रव, असा माका वाटी होता. रोज वाटी होता. माझ्या मनात डावो कौल होतो, सुभद्रा. देवीन माझा आयकला असता तर तुझी पुस्तका माळ्यार गेली असती. म्हणान मियां तिका बोलूकच दिलंय नाय."

मी खांबाला धरून उभी राहिले. मला राग यायला हवा होता, भीती वाटायला हवी होती. दोन्ही वाटत होतं, पण त्याहून जास्त काहीतरी छातीत मावत नव्हतं. माझ्यावर इतकं उफराटं प्रेम कोणी करील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तो शांतपणे सांगत होता की तीन दिवस घास उतरत नाही, दिवा लावताना देवी बघते असं वाटतं, पण मी निश्चिंत जावं. हे पाप त्याचं आहे, जन्मभर तो ते फेडील.

"अर्धा माझ्या नावार घाल," मी म्हटलं.

त्याने चमकून वर पाहिलं. मग सावकाश मान हलवली.

"पापाचो अर्धो वाटो असो कोणाकय मिळना नाय. तो फकस्त बायलेक मिळता."

"माका म्हायत आसा," मी त्याच्या शेजारी खाली बसत म्हटलं. "म्हणानच मागतंय."