हेवा नकाराचा

क्लोडीनचं काचेचं भांडं परत करायचं होतं, एवढ्यासाठीच वर्लीन टॉलिव्हर त्या गुरुवारी दुपारी घराबाहेर पडली. भांडं रिकामं परत करायची त्यांच्यात रीत नाही, म्हणून तिने सकाळीच पीच सोलून, वर लोणी-साखरेचं आवरण घालून कॉबलर भाजला होता. लाल मातीचा रस्ता, दोन्ही अंगांना पाइनची झाडं आणि डोकं भणभणून टाकणारं जॉर्जियातलं ऊन.

दोघी चुलत बहिणी, दोघींनी सत्तरी ओलांडलेली. वर्लीनने क्लोडीनचा आयुष्यभर हेवा केला होता. तिच्या केसांचा केला, तिच्या नवऱ्याचा केला, चर्चच्या गायकांमधल्या तिच्या पहिल्या रांगेतल्या जागेचाही केला. पण या उन्हाळ्यातला हेवा सगळ्यांवर कडी करणारा होता. या खेपेला तिला हेवा वाटत होता तो एका नकाराच्या पत्राचा.

दोघींचे वडील सख्खे भाऊ. दुसऱ्या महायुद्धात दोघांनी फ्रान्सच्या चिखलातून सैन्याचे ट्रक हाकले. परतलेल्या सैनिकांना तेव्हा घरासाठी कर्ज मिळे, शिक्षणाला मदत मिळे. गोऱ्या सैनिकांना ती मिळाली. या दोघांची कातडी काळी, म्हणून यांना फक्त एकेक पत्र मिळालं, की देता येत नाही. क्लोडीनचे वडील लेम्युएल यांनी ते बायबलमध्ये जपून ठेवलं. वर्लीनचे वडील ऑर्झेल यांनी बँकेच्या पायरीवरच ते टराटरा फाडलं, आणि मग मरेपर्यंत त्या रागाचा पस्तावा केला.

आता अटलांटाहून रेनिटा नावाची वकीलबाई आली होती. अशा सैनिकांच्या वारसांना त्यांचं हिरावलेलं परत मिळावं, म्हणून ती वॉशिंग्टनला समितीपुढे दावा मांडणार होती. "एकाला नाकारलं तर ते म्हणतील चूक झाली," तिने चर्चमध्ये समजावून सांगितलं होतं. "एकाच गावातल्या सात जणांना नाकारलं, तर चूक कशी म्हणतील? पण सातही पत्रं हवीत. पत्र नाही तर नाव नाही."

सहा पत्रं तिच्या हाती आली होती, त्यांच्या नकला अटलांटाच्या कचेरीत कुलपात होत्या. सातवं क्लोडीनचं. ती ते घराबाहेर सोडायला तयार नव्हती, शनिवारी चर्चमधल्या बैठकीला स्वतः आणणार होती.

"फाडलं म्हणता? मग माझा नाइलाज आहे, मिस वर्लीन," वकीलबाई म्हणाली होती. आणि शेजारी कागदी पंख्याने वारा घेत क्लोडीन म्हणाली होती, "ऑर्झेलकाकांचा रागच मेला तसला. कोण काय करणार?" वर्लीनच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

क्लोडीन घरी नव्हती. दार नुसतं लोटलेलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बायबल होतं, आणि बायबलात ते पत्र. वर्लीनने भांडं खाली ठेवलं आणि पत्र उचललं. स्वतःच्या फायद्याचा विचारही तिच्या मनात नव्हता. मला नाही तर तुलाही नको, एवढंच.

लपवायचं कुठे? त्या गावात दफनभूमी ही एकच जागा अशी होती, जिथल्या वस्तूला कुणी हात लावत नाही. माणूस गेलं, की त्याने शेवटी वापरलेली भांडी थडग्यावर ठेवायची, पण फोडून. फोडलेली वस्तू मेलेल्याची होते आणि तो तिच्यासह तिथेच थांबतो. अख्खी ठेवली, तर ती वस्तू घेऊन तो चालू लागतो. वर्लीनने वडिलांच्या थडग्यावरचा अर्धा फुटका वाडगा उचलला आणि पत्र त्याखाली सरकवलं. निदान कोपरा तरी फाडावा म्हणून तिची बोटं गेली होती. पण फाडलं तर मग आपण खरंच चोर ठरू, असं वाटून तिने ते तसंच ठेवलं.

झाडांवरचे किडे एकदम गप्प झाले. भर दुपारी ओल्या लोकरीचा आणि पेट्रोलचा वास आला. मागे कुणीतरी, ओझं उचलायला वाकावं तसा, श्वास घेतला...

तिने वळून पाहिलं नाही.

शनिवारी सकाळी फोन आला. "वर्लीन... अगं, डॅडींचं पत्र नाहीये... सगळं घर उलथंपालथं केलं..." क्लोडीन हुंदके देत होती. वर्लीनला बरं वाटलं. पंधरा मिनिटं वाटलं, मग तिने न्याहारीचं ताट बाजूला सारलं. शेवटी पत्र आणून कुठेतरी सापडल्याचं नाटक करायचं ठरवून ती दफनभूमीत गेली.

वाडगा उचलला. पत्र जागेवर होतं. मात्र कागद ऊबदार होता, बराच वेळ कुणी हातात धरून बसल्यासारखा. आणि त्यावर जुन्या टाइपाच्या अक्षरांत नाव होतं, ऑर्झेल टॉलिव्हर.

परत द्यायला ती निघाली होती, हे खरं. चर्चपर्यंत पोचेस्तोवर तिचं मन फिरलं, हेही खरंच.

"फाडलं होतं ना?" वकीलबाईने विचारलं.

"सापडलं," वर्लीन म्हणाली.

क्लोडीनने कागद डोळ्यांजवळ नेला. ती ओरडली नाही. "हा कॉफीचा डाग माझ्या हातून पडलाय," ती हळूच म्हणाली. "दर रविवारी काका आमच्याकडे यायचे. म्हणायचे, लेम, नुसतं हातात धरायला दे. डॅडी कधी द्यायचे नाहीत. म्हणायचे, याची नजर चांगली नाही."

वकीलबाईने पेटीतली बाकीची पत्रं काढली. तिने एकेक नाव वाचायचं आणि त्या घरच्यांनी उभं राहायचं, असं ठरलं होतं.

"ऑर्झेल टॉलिव्हर," तिने वाचलं. चष्मा पुसला. दुसरं घेतलं. "ऑर्झेल टॉलिव्हर."

कुणी उठलं नाही. तिसरंही तेच. आणि खोटं कशाला बोला, तिसऱ्यापर्यंत वर्लीनची छाती अभिमानाने फुगत होती.

"अहो, ते माझ्या बापाचं आहे!" म्हातारे पर्विस काठी टेकत अर्धवट उठले. "पानाची घडी ओळखतो मी... डोळे फुटलेत का तुमचे?"

चौथं. पाचवं. सहावं. सात घरांचा दावा एका माणसाचा होऊन बसला. एका माणसाचा म्हणजे नुसती चूक.

"मी ते डॅडींच्या थडग्यापाशी ठेवलं होतं," वर्लीन पुटपुटली. "अख्खं... न फाडता..."

क्लोडीनने आपली खुर्ची बाजूला सरकवली.

वकीलबाईने अटलांटाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. "कुलपातल्या नकला काढ. नावं वाच."

किल्ल्यांचा आवाज. खण ओढल्याचा आवाज. मग कचेरीतली मुलगी एकेक कागद उलटत असल्याचा आवाज.

"मॅडम, सगळ्यांवर एकच नाव आहे. ऑर्झेल टॉलिव्हर," ती म्हणाली. "आणि मॅडम... या मशीनवर काढलेल्या नकला ना? शाई ओली कशी? माझ्या बोटांना लागतेय."