निजारच्या मशीनमधला सेल

त्या बुधवारी मी दुपारीच दुकान बंद केलं आणि स्वतःच्याच घरी दुरुस्तीला गेलो. झार्झिसमध्ये, या समुद्रकाठच्या गावात, तीस वर्षं संगणक दुरुस्त करतोय. हा एक तेवढा टाळत आलो होतो.

तो आमच्या मुलाचा, निजारचा. रमजानात मगरिबच्या अजानला तो आपोआप चालू होई, आणि निजारच्या आवाजात भरून ठेवलेली हाक येई, ‘आई, सोड रोजा.’ सूर्यास्त रोज थोडा सरकतो, म्हणून निजार दर संध्याकाळी वेळापत्रक पाहून उद्याची वेळ हाताने घालून ठेवायचा. तीन वर्षांपूर्वी तो चोरून इटलीला निघालेल्या बोटीत बसला. बोट पोचली नाही, मशीनही गप्प झालं. यंदाच्या रमजानात ते पुन्हा वेळेवर चालू होऊ लागलं.

माझी बायको मबरूका म्हणू लागली, पोरगा जिवंत आहे. त्या बोटीतल्या मुलांसाठी मशिदीत गायबाना जनाजाची, म्हणजे मृतदेह नसताना पढायची अंत्यनमाज व्हायची होती. निजारचं नाव द्यायला तिने साफ नकार दिला. मला मात्र हे एकदाचं संपवायचं होतं. रडू मला कधी आलंच नव्हतं.

डबा उघडला. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल पार मेलेला. असल्या बोर्डाला काही आठवत नाही, वीज गेली-आली की मशीन लागतं, बस्स, असं मी तिला समजावलं. वायर काढली, सेल उपटला, तासभर थांबलो. वायर पुन्हा लावून पाहिलं तर घड्याळ २००२ सालावर गेलेलं, आपोआप चालू होण्याची सोय बंद. मशीन बंद केलं.

“आज नाही लागलं, तर नाव देऊ?”

ती बराच वेळ खजूर निवडत राहिली. “द्या.”

अजान झाली. मशीन गप्प. मबरूकाने खजूर तोंडात घातला आणि आवाज न करता रडू लागली. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

शोरबा अर्धा संपला असेल... आतला पंखा फिरू लागला.

‘आई, सोड रोजा.’

“उशीर झाला त्याला...” ती पुटपुटली. “उद्याची वेळ घातलीय का, बघा ना.”

मी सेटिंग उघडलं. घड्याळ २००२ मध्येच होतं. खाली आपोआप चालू होण्याच्या रकान्यात मात्र तारीख होती, उद्याची नव्हे, परवाची. शुक्रवार, सव्वाचार. जनाजाच्या नमाजाची वेळ. ती मी दुपारीच इमामांशी फोनवर ठरवली होती, आणि तिला न विचारता नावही तेव्हाच देऊन टाकलं होतं.

“घातलीय ना?”

“हो,” मी म्हणालो, आणि पडद्यासमोरून हललो नाही.