टेकू

दुपारचं शेवटचं ऑपरेशन होतं, पित्ताशयाचं. शिवणकाम शिकवणाऱ्या त्या स्थूल बाई कशाबशा टेबलावर चढल्या, तेव्हा भूल देणारी डॉक्टर हळूच पुटपुटली, “टेबल पेलेल ना?” सर्जन हसले. बाईंनी नजर छताकडे वळवली. त्यांना ऐकू गेलं होतं.

“मॅडम, पाठीला टेकू द्या ना. आडवी झाले की जीव गुदमरतो माझा.”

“दोन मिनिटांत झोपच लागेल तुम्हाला,” डॉक्टर म्हणाली.

भूल चढली, अंग सैल पडलं... आणि श्वासाची नळी काही केल्या आत जाईना. आखूड मान, जड जीभ. आत नुसता काळोख. मास्क दाबून ऑक्सिजन रेटला, तरी पोटाच्या भाराखाली छाती उचलेना. रक्तातला ऑक्सिजन घटेल तसा मॉनिटरचा सूर खाली खाली उतरत चालला. बाईंचे ओठ निळे पडले.

तेवढ्यात डॉक्टरच्या कानाशी कुणीतरी धापा टाकायला लागलं. उबट, घामट वास आला.

“बसवा ना हो... मला बसवा...”

ती दचकली. बाईंचं तोंड तर तिच्याच हाताखाली, मास्कने झाकलेलं. सिस्टर पलीकडे, गप्प.

शरमेने तिचे कान तापले. “चादरी आणा! असतील तेवढ्या!”

खांदे, मान, डोकं उचलून चादरींची उतरण रचली. टेबलाची डोक्याकडची बाजू वर घेतली, नाकातून ऑक्सिजन चालू ठेवला. छाती हलली. सूर चढू लागला. मग नळी सहज आत गेली.

संध्याकाळी ती वॉर्डात गेली. बाई शुद्धीवर होत्या.

“माझं चुकलं,” ती खाली मान घालून म्हणाली. “तुम्ही आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. वर थट्टा केली.”

बाईंनी तिचा हात धरला. “मी वाचले हो. पण ती?”

“कोण?”

“माझ्या पाठीखाली होती ती... सारखी धापा टाकत होती. तिला कुणी उठवलंच नाही का?”

डॉक्टर आठवू लागली. कुणाकुणाला आपण असंच सपाट निजवलं... एकही चेहरा आठवेना.

ती ऑपरेशन थिएटरात परतली. टेबल रिकामं होतं, भुलीचं मशीन बंद. तिने टेबलाची डोक्याकडची बाजू वर केली.

मशीनला लटकलेली श्वासाची रबरी पिशवी सावकाश फुगली... आणि आकसली... पुन्हा फुगली.