तलवार नसलेली ठिणगी

तो दुकानात आला तेव्हा त्याला समोरचं धड काही दिसत नव्हतं, आणि ते माझ्या पथ्यावरच पडलं. मला त्याच्याकडे निवांत बघता आलं.

एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात चष्म्याची निखळलेली काडी, कपाळावर विस्कटलेले केस... आणि डोळे बारीक करून तो भिंतीवरच्या आरशाला अगदी नम्रपणे विचारत होता, "जरा हे दुरुस्त करून मिळेल का?"

"इकडे," मी म्हणाले. "तो आरसा आहे."

तो वळला आणि स्वतःवरच हसला. हसणं छान होतं. मग माझं लक्ष त्याच्या खांद्यावरच्या बॅगेकडे गेलं. तिच्यावर लोहदलाचा बिल्ला होता.

"माफ करा," त्यानं टेबलावर ठेवलेला चष्मा मी परत त्याच्यापुढे सरकवला, "शत्रूचा चष्मा मी दुरुस्त करत नाही."

"शत्रू?"

"बॅगेवर बिल्ला मिरवताय की."

त्याचा चेहरा एकदम उजळला. "तुम्ही धुक्याचं राज्य खेळता? कुठल्या गटात आहात?"

"दिवेकरी."

तो गप्प झाला. नापास झालेल्या मुलाचा निकाल ऐकल्यावर पाहुणे जसे गप्प होतात, तसा. मग फार जपून म्हणाला, "दिवेकरी... अजून आहेत?"

आता हे नीट सांगायला हवं. धुक्याचं राज्य हा आमचा खेळ, म्हणजे ऑनलाइन व्हिडिओ गेम. त्यात प्रत्येकानं आपलं एक पात्र घडवायचं. पात्र जसजसं वाढतं तसे पॉइंट मिळतात. ते तलवारीत टाका, जादूत टाका, पळण्यात टाका, ज्याची त्याची मर्जी. मग एका गटाला शब्द द्यायचा. लोहदल म्हणजे चिलखतं, किल्ले आणि सगळ्या लढाया जिंकणं. दिवेकरी म्हणजे सीमेवरच्या गावांतले कंदील विझू न देणं. कंदील तेवत असला की धुक्यातले लांडगे गावात शिरत नाहीत. आमच्या गटात फारसं कोणी येत नाही, कारण त्यात जिंकण्यासारखं काही नाही. माझ्या पात्राचं नाव ठिणगी. तिचे सगळे पॉइंट मी ढालीत आणि कंदिलात टाकले होते. तलवारीत एकही नाही. याचा मला गर्व होता, आणि तो मी कधी लपवला नाही.

तसा गर्व मला माझ्या कामाचाही आहे. दुकान आत्याचं. पुढच्या काउंटरवर ती बसते. मागे काचेआड माझं टेबल आणि भिंगं घासायचं यंत्र. त्यातून पाण्याचे बारीक तुषार उडतात आणि माझ्या बाह्या कायम ओलसर असतात. माझ्या हातचा चष्मा नाकावरून घसरत नाही. हे मीच सांगते, कारण आत्या मेली तरी तोंडावर कौतुक करायची नाही.

तर शत्रूचा चष्मा मी घेतला. काडी बसवली, स्क्रू आवळला. मग त्याच्या चेहऱ्याकडे एकदा नीट बघून एक काडी जराशी वाकवली आणि चष्मा टेबलावर ठेवला. त्यानं चाचपून बघितला.

"हा डुलतोय. वाकडा झाला."

"घालून बघा."

त्यानं घातला, मान हलवली, खाली वाकून बघितलं. चष्मा जागचा हलला नाही.

"तुमचा डावा कान उजव्यापेक्षा जरा वर आहे," मी म्हणाले.

"हे मला आजवर कोणी सांगितलं नाही."

"आजवर सगळ्यांनी चष्मा टेबलावर सरळ केला. मी तुमच्या चेहऱ्यावर केला."

तेव्हा त्यानं मला पहिल्यांदा स्पष्ट बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

"आता अगदी नीट दिसतंय," तो म्हणाला.

"काय?"

"...शत्रू."

काउंटरवरून आत्या खाकरली.

तो पलीकडच्या गल्लीत खेळाची यंत्रं दुरुस्त करायचा. दुकान छोटं, पण गिऱ्हाईक कायम, कारण लोक यंत्राबरोबर आपलं पात्रही त्याच्याकडे घेऊन यायचे. कुठले पॉइंट कुठे टाकले की पात्र सर्वांत ताकदवान होतं, हा हिशेब त्याच्याइतका कोणाला जमायचा नाही. लोहदलात तो सेनापती होता. मी त्याला प्रत्यक्षातही सेनापतीच म्हणायला लागले.

खेळात दोन गटांच्या हद्दीवर एक दगडी पूल आहे. त्यावर कोणी शस्त्र उपसायचं नाही असा नियम. दुकान बंद झालं की संध्याकाळी मी घरी कानाला हेडफोन लावून पुलावर जाऊन उभी राहायची. तो यायचा, डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात मढलेला.

"तलवारीत खरंच काही नाही?" त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं. "मग लांडगे आल्यावर मारतेस कशानं?"

अहो-जाहो कुठल्या कुठे पळालं होतं. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"मारत नाही. उभी राहते."

"म्हणजे?"

"पुलाखाली उतर, म्हणजे कळेल."

तो ऐटीत उतरला. धुकं दाटलं आणि लांडगे आले. एकदोघांना त्यानं लोळवलं, पण चिलखत इतकं जड की बाकीच्यांपासून पळता येईना. मी त्याच्यापुढे जाऊन ढाल रोवली आणि कंदील वर धरला. लांडगे ढालीवर आदळत राहिले, मी हलले नाही. हळूहळू उजेड पसरला, तसे ते मागे फिरले.

त्यानं तलवार म्यान केली.

"मला... असं कोणी कधी वाचवलं नव्हतं," तो म्हणाला.

"सवय लावून घे, सेनापती."

त्यानं ती लावून घेतली. त्याच्या चष्म्याचा स्क्रू वारंवार सैल व्हायला लागला. मी आवळलेला स्क्रू सैल होत नाही हे मला ठाऊक होतं आणि आत्यालाही. तरी मी प्रत्येक वेळी तो गंभीरपणे तपासायची, आणि तो तितक्याच गंभीरपणे मान पुढे करायचा. एवढ्या जवळून त्याच्या पापण्या दिसायच्या. मी प्रेमात पडले होते. हे कबूल करायला मला काही वाटलं नाही. वाटत होती ती धाकधूक त्याच्याबद्दल. कारण पुलावर बोलता बोलता तो मधूनच म्हणायचा, "ठिणगी मस्त आहे, पण थोडे पॉइंट तलवारीत टाकलेस ना..." आणि मी विषय बदलायची.

मग माझ्या कंट्रोलरचं बटण अडकायला लागलं. "सगळं यंत्रच दे," तो म्हणाला, "आतला पंखाही साफ करून ठेवतो." दुसऱ्या दिवशी त्यानं ते आणून दिलं, तेव्हा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. "घरी जाऊन लाव. आणि मला फोन कर."

मी लावलं. पुलावर ठिणगी उभी होती, पाठीला तलवार लावून. ढालीच्या जागी थाळीएवढी चकती. कमरेला कंदील नव्हता.

खेळात एक झरा आहे. त्यात उतरलं की पात्र शिकलेलं सगळं विसरतं आणि सगळे पॉइंट नव्यानं टाकता येतात. पण हे एका पात्राला आयुष्यात एकदाच. बटण नीट चालतंय ना ते बघता बघता त्यानं माझ्या ठिणगीला त्या झऱ्यात उतरवलं होतं, आणि आपल्या सगळ्या हुशारीनिशी नव्यानं घडवलं होतं. मला भेट म्हणून.

मी फोन केला नाही. मी रडले.

"खेळच तर आहे," असं आत्या म्हणेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तुझं होतं, आणि तुला न विचारता बदललं. मग चीड. चांगली खणखणीत चीड."

सकाळी तो दुकानात आला. चेहरा उतरलेला. "मला वाटलं तुला आवडेल. आता तुला कोणीच हरवू शकणार नाही. ती आधीपेक्षा कितीतरी—"

"आधी काय कमी होतं तिच्यात?"

"काही नाही, पण..."

"त्या 'पण'मध्येच सगळं आलं." माझा आवाज चढला होता, चढू दिला. "एवढंच सांग. तुला मी आवडते, की तू मला सुधारल्यावर मी जी होईन ती?"

तो उभाच राहिला. मी आत जाऊन यंत्र सुरू केलं आणि एक भिंग घासत बसले. तुषार तोंडावर उडत होते, ते बरंच झालं. बाहेर आले तेव्हा तो गेला होता.

त्या संध्याकाळी मी नवी ठिणगी सुरू केली. अगदी पहिल्यापासून. हातात लाकडी ढाल, कंदिलाऐवजी मेणबत्तीचं थोटूक. शेळ्याही धक्का मारून जात होत्या. पहिला पॉइंट मिळाला तो मी ढालीत टाकला, मान ताठ ठेवून. कोणी बघत नव्हतं तरी.

पुढे काही दिवस तो दिसला नाही, पुलावरही नाही आणि दुकानातही नाही. आणि मग एका संध्याकाळी दिवेकऱ्यांच्या विहिरीपाशी एक नवखा येऊन उभा राहिला. अनवाणी, अंगात गोणपाट. डोक्यावर त्याचं नाव झळकत होतं: वाकडाकान.

मला हसू आलं, पण मी ते हेडफोनमध्ये जाऊ दिलं नाही.

"सेनापती कुठे गेले?" मी विचारलं.

"दोन गटांना शब्द देता येत नाही. लोहदलाचं चिन्ह परत केलं."

"वाईट वाटलं?"

"खूप. लोहदलात अजून हसतायत." तो थांबला. "पण ते सांगून तुझ्याकडून काही मिळवायला आलो नाही. मी चुकलो होतो, एवढंच सांगायचं होतं. ठिणगीला तुला विचारून झऱ्यात उतरवायला हवं होतं... खरं तर उतरवायलाच नको होतं."

"पॉइंट कशात टाकलेस?"

"अजून हातातच आहेत. आजवर सगळ्यांची पात्रं हिशेबानं घडवली. मला स्वतःला काय आवडतं, हे मी कधी विचारलंच नाही." मग तो घसा साफ करून म्हणाला, "आता टाकतो. सगळे पाव्यात."

"पाव्यात? पण त्यानं लांडगे थोडेच—"

आणि मी जीभ चावली.

पलीकडून फार हळू आवाज आला, "त्या 'पण'मध्ये..."

"गप्प बस आणि वाजव."

त्यानं वाजवला. इतका बेसूर पावा त्या राज्यात कोणी ऐकला नसेल. लांडगे आले, बहुधा तक्रार करायला. मी लाकडी ढाल रोवून त्याच्यापुढे उभी राहिले, आणि तो मागे न हटता वाजवत राहिला. आम्ही दोघंही मेलो. विहिरीपाशी पुन्हा उगवलो, पुन्हा गेलो, पुन्हा मेलो. शेवटी मेणबत्ती तगली आणि धुकं मागे सरलं. मोठमोठी चिलखतं अंगावर असताना तो असा हसलेला मी ऐकला नव्हता. मला त्याचा फार अभिमान वाटला. आणि स्वतःचाही वाटला, उगाच का नाही म्हणू.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. चष्मा डुलला.

"स्क्रू सैल झालाय?" मी विचारलं.

"नाही. पहिल्या दिवसासारखाच घट्ट आहे." त्याची बोटं चष्म्याशी चाळा करत होती. "हा टेबलावर डुलतो, आणि माझ्या चेहऱ्यावर सरळ बसतो. रोज नाकावर घेऊन फिरत होतो, तरी मला कळलं नाही... तू एक प्रश्न विचारला होतास. उत्तर आणलंय."

"चष्म्याशिवाय देणार?"

"घातला की तू दिसतेस, आणि मग मला बोलता येत नाही."

मी ओल्या बाह्या वर सारल्या.

"मला तू आवडतेस," तो माझ्या डाव्या खांद्याकडे बघत म्हणाला. "हट्टी, गर्विष्ठ, तलवारीत एकही पॉइंट नसलेली. आहेस ती. सुधारलेली नको."

मी चष्मा उचलला. दोन्ही हातांनी त्याच्या कानांवर बसवला, आधी उजव्या, मग जरा वरच्या डाव्या. हात लगेच काढून घेतले नाहीत.

"आता बघून सांग," मी म्हणाले.

त्यानं बघितलं. कान लाल झाले, दोन्ही. तरी सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, 'गर्विष्ठ'सकट. काउंटरवरून आत्या खाकरली, आणि आम्ही कोणीच तिकडे बघितलं नाही.

"मलाही," मी म्हणाले. "बेसूर पाव्यासकट."

तो इतका हसला की मान मागे गेली, खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं. चष्मा मात्र जागचा हलला नाही. माझ्या हातचा होता.