आजोबा वर गेले

"आमचे आजोबा सोमवारपासून दिसत नाहीत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी रुमाल शोधला.

भाऊजींनी चेहरा पाडला आणि हलक्या आवाजात वय विचारलं.

"अकरा."

भाऊजींनी वहीत आकडा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. खासगी तपासाचा व्यवसाय त्यांच्या वहिनींचा. ते फक्त वही सांभाळत, आणि तीही बऱ्याचदा हरवत.

बाई एका बटणांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळत होत्या. आजोबा म्हणजे तिथला जुना सर्व्हर, छोट्या कपाटाएवढा. पगार, हजेरी, मागण्या, शिवाय दीडची जेवणाची घंटा, सगळा कारभार त्याच्याच डोक्यावर. आता कारखाना क्लाउडवर चालला होता, म्हणजे हीच कामं इंटरनेटवरून भाड्याच्या कॉम्प्युटरवर होणार होती. शुक्रवारी वायरमनने सर्व्हरच्या खोलीची किल्ली मागून नेली आणि परत आणून दिली. सोमवारी खोली रिकामी.

"ज्याला विचारावं तो म्हणतो, आजोबा वर गेले. मी आपली रजिस्टरात लाल रेघ मारली. साहेब म्हणतात, भंगाराचा कागद नसताना रेघ मारली, म्हणजे तूच विकला. पाच वाजता पोलिसात तक्रार देणार आहेत. सतरा वर्षांच्या नोकरीत माझ्याकडून एक माऊससुद्धा गहाळ झालेला नाही."

कारखान्यात पोचायला एक वाजला. रिकाम्या खोलीच्या दारावर साहेबांच्या अक्षरातली चिठ्ठी अजून चिकटलेली होती: 'शुक्रवारी आजोबांना वर पाठवणे.' वहिनींनी ती दोनदा वाचली. भाऊजींना साहेब फार निर्दय वाटले.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. आजोबांमधली माहिती वर गेली, ठरल्याप्रमाणेच गेली. पण रिकामं खोकं खोलीत असायला हवं होतं.

मग कॉम्प्युटर इंजिनिअर भेटला. त्याला दिलेल्या यादीत तीन कामं होती, पगार, हजेरी आणि मागण्या, आणि ती तिन्ही त्याने खुर्चीतून न उठता हलवली होती.

"शुक्रवारी दुपारीच वर गेले," तो म्हणाला. "अगदी शांतपणे."

भाऊजींनी मान खाली घातली.

वायरमन भिंतीला टेकून, कमरेला हात लावून उभा होता. आपण चिठ्ठीबाहेर काही केलेलं नाही, असं त्याने आधीच सांगून टाकलं.

"शुक्रवारी संध्याकाळी वर गेले. माझ्याच हातून. जाताना फार त्रास दिला हो."

भाऊजी त्याचं सांत्वन करणार, तेवढ्यात दीडची घंटा झाली. भाऊजींना भूक लागली. वहिनींनी मात्र घड्याळाकडे पाहिलं, मग छताकडे. भाऊजींनी वहीत सारांश लिहिला: 'मृत्यू दोन. प्रेत शून्य.'

चार वाजता वहिनींनी सगळ्यांना साहेबांच्या खोलीत बसवलं. टेबलावर टाइप केलेली तक्रार तयार होती. बाईंची नजर त्या कागदावरून हलत नव्हती.

"भाऊजी, माणूस किती वेळा वर जातो?"

"एकदाच," भाऊजी म्हणाले, पण फारशा खात्रीने नाही.

"इथे एकच आजोबा दुपारी शांतपणे गेले आणि संध्याकाळी त्रास देऊन गेले. चिठ्ठी एक, वाचणारे तीन. इंजिनिअरने वर म्हणजे क्लाउड असं वाचलं. तिथे पाठवताना कुणाची कंबर धरत नाही. यांची धरली आहे. वायरमनदादा, कितवा मजला?"

"दुसरा. जुन्या फायलींची खोली," वायरमन म्हणाला. "चिठ्ठीत तेच होतं ना?"

"आणि बाईंनी वर म्हणजे देवाघरी असं समजून रेघ मारली. खोटं कुणीच बोललं नाही."

साहेबांनी विचारलं, खोकं वायरमनने बाहेर नेलं नाही कशावरून?

"घंटेवरून. इंजिनिअरच्या यादीत ती नव्हती, म्हणजे ती क्लाउडवर गेलीच नाही. ती वाजवणारे आजोबाच. आज दीड वाजता वाजली. भंगारवाल्याकडून त्यांना इथली घंटा कशी वाजवता येईल?"

वायरमनने मान हलवली. मशीनवर 'बंद करू नये' अशी पाटी होती, म्हणून त्याने वर नेऊन सगळ्या वायरी पुन्हा जोडल्या होत्या. मग सगळे जिना चढून गेले. फायलींच्या ढिगाऱ्यात आजोबा घरघरत होते, हिरवा दिवा लागलेला.

खाली आल्यावर बाईंनी तक्रारीचा कागद साहेबांपुढे सरकवला. "फाडा."

साहेबांनी फाडला. चार तुकडे केले. माफी मागायला तोंड उघडलं, पण बाईंनी हाताने थांबवलं.

"ते नंतर. आधी चिठ्ठी नव्याने लिहा. मशीनचा नंबर, मजला, खोली, उचलणार कोण. टोपणनाव चालणार नाही."

साहेबांनी पेन उघडलं आणि कागदाच्या सुरुवातीला सवयीने लिहिलं, 'ती. आजोबांना'.

बाईंनी तो कागद काढून घेतला आणि कोरा पुढे केला.

"पहिल्यापासून," त्या म्हणाल्या.