ओला खडा

"लय झालं बाई कौतिक! हरभऱ्याच्या डाळीएवढा न्हाई, आन् त्याला निजायला मखमल!" बायनाबाई मोरीत कढई घासता घासता स्वतःशीच पुटपुटली. पण ते पुटपुटणं असं, की ओट्याशी बसलेल्या कावेरीला एकेक अक्षर नीट पोचावं.

कावेरीला हसू आलं. तिच्या पुढ्यात पांढरा कागद, चिमटा, भिंग आणि सकाळीच कुरियरनं आलेली डबी होती. पूर्णेच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तिनं सव्वीस वर्षं काढली होती. हिरा दुसऱ्या बायकांच्या नाकात चमकतो, एवढंच तिला दोन महिन्यांपूर्वी ठाऊक होतं. मग लेकीनं, स्वरदानं, साखरपुड्याच्या अंगठीसाठी ऑनलाइन हिरा बघायला घेतला आणि कावेरीनं व्हिडिओ बघून बघून अर्धी वही भरली. कट आधी बघायचा, वजन नंतर. सर्टिफिकेटवरचा नंबर हिऱ्याच्या कडेवर कोरलेला असतो, तो भिंगानं जुळवायचा. फुंकर मारली तर वाफ धरत नाही. ओठाला लावला तर गार लागतो. कंपनी सात दिवस खडा घरी ठेवू देत होती. पटला तर विकत घ्यायचा, नाहीतर परत.

हिरा हवा हा हट्ट स्वरदाचा. होणारा नवरा, शंतनु, आधी मोत्याचं म्हणत होता, मग पाचूचं. त्याच्या आईनं, मनिषाताईंनी, तर मोत्यांच्या अंगठ्यांचे फोटो तीनदा पाठवले. शंतनुचं हे दुसरं लग्न. पहिली बायको ईश्वरी दोन वर्षांपूर्वी गेली. काविळीनं, असं त्यांनी सांगितलं होतं. कोणत्या दवाखान्यात, किती दिवस, हे ना कावेरीनं विचारलं, ना तिच्या नवऱ्यानं, अण्णासाहेबांनी. चौतिशीतल्या मुलीला चांगलं स्थळ आलं की माणसं काही प्रश्न चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवतात.

कावेरीनं सीलबंद पाकीट कापलं. खडा ओला होता.

तिनं मलमलीनं पुसला. भिंगाखाली नंबर जुळला. गेल्या महिन्यात सुरतेकडच्या प्रयोगशाळेत वाढवलेला, कोरा करकरीत हिरा. फुंकर मारली, वाफ क्षणात गेली. अस्सल. मग तिनं तो खालच्या ओठाला टेकवला.

तो कोमट होता आणि बुळबुळीत.

स्वरदा दोन वर्षांची असताना लिमलेटची गोळी चघळून चघळून आईच्या तळहातावर ठेवायची. तेव्हा कावेरीला कधी किळस वाटली नव्हती. ही वाटली. तिनं ओठ साबणानं धुतला, मग परत धुतला.

"आई, खुळ्यासारखं काय करायलीस?" स्वरदा दारातून म्हणाली. "पॅकिंगमधलं जेल असेल ते."

"असेल," कावेरी म्हणाली.

तिनं खडा उकळत्या पाण्यातून काढला, स्पिरिटनं पुसला, काचेच्या कोरड्या बशीत ठेवून वर झाकण घातलं. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन होतं. दोरीवरचा टॉवेल पाऊण तासात पापडासारखा वाळला. बशीत मात्र तेवढ्या वेळात रुपयाएवढं थारोळं झालं होतं. चिमट्यानं खडा उचलला तर मागे एक तार आली, लांबली, तुटली नाही. आणि वास. सकाळपासून पोटात काही नसलेल्या माणसानं तोंडाजवळ येऊन बोलावं, तसा आंबूस वास.

तिनं बशी अण्णासाहेबांपुढे धरली. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून ते पेपर दोनदा वाचत. त्यांनी वास घेतला, मान फिरवली आणि पेपर वर धरला.

"उन्हाळाय. घाम कुणाला येत नाही?"

"दगडाला येतो का?"

"रविवारी साखरपुडा आहे, कावेरी," ते पेपराआडून म्हणाले. "आता फाटे नको फोडूस."

बायनाबाईनं बशी घासायला उचलली आणि तशीच ओट्यावर परत ठेवली. तीस वर्षं लोकांची खरकटी काढलेली बाई, पण तिचा हात आखडला.

"ही म्या घासणार न्हाई, ताई. कोणाच्या तरी तोंडातलं हाय ह्ये."

"अगं, सीलबंद पाकिटात आलाय तो."

"आसंल. वास यायलाय, तुमाला बी यायलाय." तिनं हात राखेनं घासले, नखांत राख भरेपर्यंत. त्या दिवशी तिनं चहाही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कावेरी कॉलेजातून लवकर आली. स्वरदा आरशासमोर उभी होती. तोंड अर्धवट उघडं. जिभेच्या टोकावर खडा.

"स्वरदा!"

तिनं खडा तळहातावर घेतला आणि शांतपणे वळली. "गार लागतो का बघत होते. तुझ्याच वहीत लिहिलंय."

"ओठाला लावायचा लिहिलंय."

"हो का?" ती म्हणाली. हनुवटीवरून लाळेचा ओघळ आला होता. शाळेत शिकवताना पोरांना रुमाल आणला नाही म्हणून रागावणारी मुलगी, पण तो पुसायचं तिला सुचलं नाही.

कावेरीनं खडा कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. परतीचा अर्ज भरला. कुरियरवाला उद्या यायचा होता.

संध्याकाळी चहाच्या वेळी स्वरदा काहीच बोलेना. कशालाही मान हलवायची. कप तसाच, वर साय धरलेली. तिचा डावा गाल किंचित फुगलेला होता.

कावेरीचा हात कमरेकडे गेला. किल्ली होती.

"तोंड उघड."

स्वरदानं ओठ घट्ट मिटले.

"बाळा, उघड तोंड."

कावेरीनं एका हातानं तिचा जबडा धरला, दुसऱ्या हाताची दोन बोटं आत घातली. तोंड भरून लाळ होती, गार, आंबूस. बोटं दातांत आली. तरी कावेरीनं ती काढली नाहीत. जिभेखाली काहीतरी घशाकडे सरकत होतं. नखानं ओढून तिनं ते बाहेर काढलं.

खडा.

स्वरदा रडायला लागली. "मी नाही घातला, आई. खरंच नाही घातला."

कपाटाचं कुलूप तसंच होतं. अण्णासाहेबांनी ते दोनदा ओढून बघितलं आणि मग खाली बसले.

कावेरीनं मूठ आवळली. दुसऱ्या हातानं मनिषाताईंना फोन लावला, तो स्पीकरवर टाकला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला.

"विहीणबाई, हिरा परत पाठवायलोय आम्ही."

 पलीकडे कुकरची शिट्टी झाली, विरली.

"का हो?"

"ओला राहतोय."

 मग मनिषाताईंचा आवाज आला, अगदी जवळून, फोन तोंडाशी धरल्यासारखा.

"तोंडात घालते का ती?"

अण्णासाहेबांनी डोळे मिटले.

कावेरीच्या मुठीतून काहीतरी मनगटाकडे ओघळत होतं. तिनं मूठ उघडली नाही.

"मनिषाताई, तुमच्या पहिल्या सुनेला काय झालं होतं?"

"कावीळ," त्या सवयीनं म्हणाल्या. आणि मग श्वास तुटला. "कावीळ नव्हती हो. अंगठीतला हिरा काढून गिळला तिनं. आम्ही... आम्ही तिसऱ्या दिवशी चितेची राख चाळली, कावेरीताई. पिठाच्या चाळणीनं. दोनदा चाळली. नाही सापडला."