तपास दुसऱ्याकडे

"बाई, हे टोक जरा धराल का? वाऱ्यानं पट्टी हलतेय."

चिऊनं मोजपट्टीचं टोक धरलं. निरोप मिळताच ती घरच्या रोपांच्या नर्सरीतून धावत आली होती, हाताला अजून माती होती, आणि गर्दीत बाबा कुठे दिसत नव्हते. चौकातली रहदारी अडवलेली. भुरभुर पावसात रस्त्यावरच्या खडूच्या रेघा फिसकटत होत्या आणि वाहतूक तपास शाखेचा तो अंमलदार गुडघ्यावर बसून टायरची काळी खूण मोजत होता. त्याचा जोडीदार जखमी सायकलवालीबरोबर दवाखान्यात गेला होता.

"पट्टी सैल सोडू नका. कुणाला शोधताय?"

"बाबांना... ती निळी गाडी त्यांची आहे."

तो थांबला. उठून जवळ आला आणि पट्टीचं टोक तिच्या हातातून हळूच सोडवून घेतलं.

"मग तुम्हाला हे धरता येणार नाही. मला पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल." मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाबा ठीक आहेत. त्या दुकानाच्या पायरीवर बसलेत. आधी त्यांच्याकडे जा."

बाबांना खरचटलंही नव्हतं, पण त्यांची झोप उडाली. "मी ब्रेक दाबला होता, चिऊ," म्हणायचे, आणि लगेच तिलाच विचारायचे, "दाबला होता ना?" सायकलवाली शिवणकाम करायची. पायात सळई घालावी लागली होती. तिला पुन्हा शिलाई मशीन चालवता येईल की नाही, डॉक्टर काही बोलत नव्हते.

जबाबासाठी ती बाबांना घेऊन शाखेत गेली. बाबा आत बोलत असताना ती बाहेरच्या बाकावर बसली. कागद घ्यायला तो बाहेर आला.

"इथं चहा मिळतो का?" तिनं विचारलं.

"मिळतो. पण मी पाजू शकत नाही."

"आणि मी पाजला तर?"

"तर मला घरी बसावं लागेल. कायमचं."

चेहरा अगदी गंभीर, कान मात्र लाल. कितीतरी दिवसांनी चिऊला हसू आलं... आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. ती बाई तिकडे खाटेवर पडलीय, बाबा आत घाम पुसताहेत, आणि आपण हसतोय?

तरी काही ना काही निमित्त काढून ती जातच राहिली. कधी विम्याचं पत्र, कधी बाबांच्या चष्म्याचा नंबर. तो दोन शब्दांत उत्तर द्यायचा आणि दारापर्यंत सोडायला यायचा. दारात मात्र दोघांनाही निघायची घाई नसायची.

एके दिवशी त्याच्या खुर्चीवर एक वयस्क अधिकारी बाई बसलेल्या होत्या.

"तपास आता माझ्याकडे आहे. त्यानं स्वतःहून सोडला."

असं काय सापडलं त्याला? बाहेर येऊन तिनं स्कूटर काढली ती सुसाट. वाटेत एका शाळेसमोर तो वेग तपासायच्या कामावर होता, आणि त्यानंच हात दाखवून तिला थांबवलं.

"वेग जास्त होता."

"माहीत आहे. दंड करा. पण आधी सांगा, बाबांचं इतकं वाईट आहे का?"

पावती लिहिता लिहिता तो म्हणाला, "साहेबांना सांगितलं, या तपासात मला निष्पक्ष राहता येणार नाही."

"बाबांनी असं केलंय तरी काय?"

"बाबांनी काही नाही केलं."

ती बघत राहिली. त्यानं मान खाली घातली.

"साहेबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, जिला सांगायचं तिलाच अजून सांगितलेलं नाही, तुम्हाला आधी कसं सांगू?"

"...मग सांगा की."

"निकाल लागेपर्यंत नाही." त्यानं पावती तिच्या हातात ठेवली. बोटं क्षणभर टेकली, सुटली. "जा आता. मागे गाड्या खोळंबल्यात."

निकाल बाबांच्या विरुद्ध लागला. सिग्नल बदलला होता आणि ब्रेक उशिरा लागला होता. त्यानं घेतलेल्या मापांवरूनच ते ठरलं. बाबांचा परवाना गेला. ते शिवणवाल्या बाईला भेटायला गेले. ती आधी खूप बोलली, मग बसा म्हणाली. काठी घेऊन चालायला लागली होती.

तो मात्र फिरकला नाही. चिऊनं स्वतःला खरंखरं विचारलं, राग आहे का त्याचा? होता. पण तो येत नाही याचा.

मग एका संध्याकाळी नर्सरीच्या फाटकाशी तो दिसला. साध्या शर्टात, हातात एक कुंडी उगाच फिरवत.

"माझ्यामुळे परवाना गेला. तोंड दाखवायचं धाडस होत नव्हतं."

"आज कसं झालं?"

"झालं नाही. तसाच आलोय." त्यानं कुंडी खाली ठेवली. "तुम्ही मला आवडता. फार. तुमच्या घरी मी चालेन का, माहीत नाही..."

"मला चालाल," चिऊ हळूच म्हणाली.

मागून बाबा आले आणि थबकले. बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"चिऊ, साहेबांना खुर्ची दे." त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली. "मी बसनं पुढे होतो. आता सवय करायलाच हवी. तुम्ही बोला सावकाश."

ते फाटकाबाहेर पडले. चिऊनं एक खुर्ची त्याच्यापुढे सरकवली आणि दुसरी स्वतःसाठी ओढून घेतली... अगदी जवळ.